दोन्या निकाचा दर

लोमा केमादा गावात दोन्या निकाला "किती झाले?" असं विचारायची पद्धत आहे, उत्तराची वाट बघायची पद्धत नाही. उत्तर सगळ्या गावाला पाठ. "तुमच्या मनाला येईल ते," असं ती म्हणणार, मान खाली घालून हात पुसत राहणार, आणि माणूस शर्ट चढवून कोपऱ्यातल्या सान राफाएलाच्या मूर्तीपुढे जाणार. देवदूताच्या पायाशी एक बशी, बशीवर भरतकामाचा रुमाल. रुमालाखाली हात घालायचा, जे काय टाकायचं ते टाकायचं, छातीवर क्रूसाची खूण करायची आणि निघायचं. कोणी किती टाकलं ते तिलाही दिसू नये आणि दारात बसलेल्या पुढच्यालाही दिसू नये. अडतीस वर्षं हे असं चाललं. आता तसं चालत नाही, आणि ते का, तेच सांगायचं आहे.

पूर्ण नाव निकानोरा उत्रेरा, दोन्या म्हणजे मानानं 'बाई'. वय बासष्ट. उंची बेताची, खांदे मात्र गड्यासारखे, कारण कामच तसलं. गाव साखर कारखान्याचं. नोव्हेंबर ते मे ऊस जाळायचा आणि तोडायचा, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख पडायची, आणि घरटी एक तरी कंबर धरलेली असायची. दवाखान्यात गेलं तर गोळी मिळते. दोन्या निकाकडे माणूस वाकडा येतो आणि सरळ जातो. पाय मुरगळला, खांदा निखळला, तान्ह्या पोराच्या पोटात काही अडकलं, आठव्या महिन्यात बाळ आडवं झालं, सगळं तिच्याकडे. डुकराच्या चरबीत औषधी पाला उकळून ती स्वतः मलम करते. तो वास गल्लीच्या तोंडापासून येतो, पत्ता विचारावा लागत नाही.

हे काम तिला शिकवलं तिच्या धर्ममातेनं, फ्लोरिपेसनं. शिकवताना दोन अटी घातल्या. एक म्हणजे दर तोंडातून काढायचा नाही. "गुण देवाचा, पोरी. तू नुसते हात पुढे करायचे. जिभेनं किंमत सांगितलीस की हातातला गुण गेलाच म्हणून समज." आणि दुसरी, ज्या हातांनी दिवसभर माणसं चोळली त्या हातांनी त्या दिवशी पैशाला शिवायचं नाही. फ्लोरिपेसच्या हाताला खरंच गुण होता. ती मेली तेव्हा शवपेटीच्या फळ्यांसाठी गावाला वर्गणी काढावी लागली, पण तेव्हा निका चोवीस वर्षांची होती आणि असल्या गोष्टींवरून काही शिकायचं असतं हे तिला कोणी सांगितलं नाही.

त्यामुळे संध्याकाळी रुमाल उचलायचं काम नवऱ्याचं, अबुंदिओचं. अबुंदिओ कारखान्यात बॉयलरवर होता. मऊ माणूस. बायकोवर कधी आवाज चढवला नाही, कधी तिच्या ताटावर माशी बसू दिली नाही. बशीतलं जे असेल ते तो घरखर्चाच्या डब्यात टाकायचा आणि स्वतःच्या पगारात घर ओढायचा. एकदाच, मुलगी शाळेत असताना तिच्या बुटांपायी, निकानं विचारलं होतं, "मी आपलं वीस पेसो म्हणून सांगितलं तर?" अबुंदिओ तिच्याकडे असा बघत राहिला की तिलाच लाज वाटली. "नको गं," तो म्हणाला. "लोक गरीब आहेत. देतात ते पोटाला चिमटा काढून देतात." तिनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

अबुंदिओ गेला तो मागच्या नोव्हेंबरात, कारखान्याचा भोंगा हंगामात पहिल्यांदा वाजला त्याच आठवड्यात. अंगणात खुर्चीवर बसून संत्रं सोलत होता. अर्धं सोललेलं संत्रं मांडीवर तसंच राहिलं.

निका रडली नाही. नऊ दिवस घरात प्रार्थना झाल्या, बायका आल्या, कॉफीची भांडी चढली उतरली, आणि ती सगळ्यांना कप देत फिरली. चौथ्या दिवशी एक तोडणीवाला निखळलेला खांदा घेऊन दारात उभा राहिला. तिनं त्याला तिथंच, फुलांच्या बाजूला, बाकावर निजवला आणि खांदा बसवला. काय खंबीर बाई आहे, असं सगळे म्हणाले. डोंबलाची खंबीर. तिला काही होतच नव्हतं. कॉफी पाण्यासारखी लागत होती. लोक मिठी मारत होते आणि ती मनात त्यांच्या मानेच्या गाठी मोजत होती. रात्री झोप लागायची, सकाळी जाग यायची, आत काही हलायचं नाही. आपल्याला दुःख झालंय की नाही हेच तिला कळेना, आणि कळत नाही याचंही काही वाटेना.

दहाव्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा बशीवरचा रुमाल उचलला, कारण उचलायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्या दिवशी अठरा माणसं होऊन गेली होती. रुमालाखाली तीनशे सहा पेसो होते आणि शर्टाचं एक बटण. माणसानं क्रूसाची खूण करून, देवदूताच्या डोळ्यांदेखत, बटण टाकलं होतं. निकानं ते बटण बाजूला ठेवलं, न जाणो कोणी शोधत येईल. दुसऱ्या दिवशी साधारण तेवढेच निघाले. तिसऱ्या दिवशी त्याहून कमी.

जानेवारीत मुलगी आली, सुलेमा. सुलेमा वेराक्रूसच्या समुद्रकाठी एका हॉटेलात मालिश करते. डिप्लोमा आहे, पांढरा झगा आहे, हात आईचेच. आल्या आल्या तिनं डबा बघितला, बशीचा हिशेब विचारला आणि आईला समोर बसवलं.

"अठरा माणसं आणि तीनशे सहा. म्हणजे डोई सतरा पेसो, आई. सतरा पेसोत नाक्यावर एक टाको येतो. तोही कांदा घातलेला नाही."

"मग माणसानं टाको खाऊ नये का?"

"खावा की. पण कंबर सरळ करून मिळाल्यावर माणूस दोन टाकोंना महाग होतो का?"

"दर सांगणं म्हणजे लूट असते."

"लूट कुठली? नऊशे सांगितले तर लूट. आमचं हॉटेल तासाला नऊशे घेतं आणि त्यातले मला दोनशे देतं. त्याला लूट म्हणतात. दर वेगळा." सुलेमानं टेबलावर बोटानं रेघ ओढली. "हे बघ. तुझ्याकडे कोण येतं? तोडणीवाला. त्याला दिवसाचे किती पडतात?"

"तीनशे. चांगला असला तर."

"मग तुझा एक तास त्याच्या दिवसाहून महाग नको. पण त्याच्या अर्ध्या दिवसाहून स्वस्त पण नको, कारण त्याला तू दुसऱ्या दिवशी कामावर उभा करतेस. अर्धा दिवस दीडशे. मलम, सरपण, टॉवेल धुणं, तीस. एकशे ऐंशी. नुसता मुरगळलेला पाय, शंभर. तान्ही पोरं आणि गरोदर बायका, त्यांच्यासाठी बशी आहेच."

"पलीकडच्या गावचा हाडवैद्य दोनशे घेतो," निका म्हणाली.

"आणि निम्म्यांचं वाकडं बसवतो. ते सरळ करायला लोक तुझ्याकडे येतात. सतरा पेसोत."

सुलेमानं कोल्ड्रिंकच्या जाहिरातीचा जुना पत्रा घेतला, मागच्या बाजूला निळ्या रंगात दर लिहिले आणि दाराशी खिळा ठोकून लावला. मग बसनं निघून गेली. निका दारात उभी राहून पत्र्याकडे बघत राहिली. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही.

पहिली आली शेजारची मेलितोना. मेलितोना म्हणजे सुलेमाची धर्ममाता, म्हणून निकाची कोमाद्रे, मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमालेस विकते, आणि दिवसातून तीनदा या घरात डोकावल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. ती पत्र्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हे काय गं कोमाद्रे? खाटकाचं दुकान उघडलंस? फऱ्याचा भाव कुठाय?"

"सुलेमानं लावलाय."

"सुलेमाला सांग, तमालेसचा पण दर लिहून दे मला."

"तुझा तमाल बारा पेसोला आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"तमालचं वेगळं," मेलितोना म्हणाली. "तमाल देव देत नाही, मी करते." आणि आपण काय बोललो याचा विचार न करता बाकावर पालथी पडली.

चोळून झाल्यावर मेलितोना उठली आणि रिवाजाप्रमाणे तिनं विचारलं, "किती झाले?"

"तुझ्या मनाला येईल ते," निका म्हणाली.

आता बोला. डोक्यामागे पत्र्यावर निळ्या अक्षरात एकशे ऐंशी, आणि त्याच्याखाली बसून बाई म्हणतेय मनाला येईल ते. मेलितोनालाच असं नाही, सगळ्यांना. माणसं आत येताना पत्रा वाचायची, चेहरा पाडायची, पडल्या पडल्या मनात हिशेब करायची, आणि मग निकाच्या तोंडून ते नेहमीचं वाक्य ऐकलं की असा सुटकेचा श्वास टाकायची की तो तिला लांबून ऐकू यायचा. ती मुद्दाम करत नव्हती. एकशे ऐंशी हा आकडा तोंडात यायचा, दातांपर्यंत यायचा, आणि जीभ रेटायची नाही. त्याच्याऐवजी अडतीस वर्षांचं वाक्य बाहेर पडायचं.

फेब्रुवारीत सुलेमानं फोनवर विचारलं, "किती जणांनी दिले दराप्रमाणे?"

"कोणीच नाही."

"लोक एवढे बेशरम झाले?"

"त्यांचं काय चुकलं? मीच सांगते ना, मनाला येईल ते."

"मग पत्रा कशाला लावून ठेवलायस, आई?"

"तू लावलास म्हणून."

याच सुमारास बोटांचं सुरू झालं. खरं तर आधीपासूनच होतं, पण लक्ष आता गेलं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं पहाटे झोपलेली राहायची. मग दिवसाही झोपलेली राहू लागली. मग डावा हात. निकाचं सगळं ज्ञान त्या बोटांच्या टोकांत होतं. गाठ कुठे आहे, शीर कुठून निघून कुठे अडकलीय, मांस किती सोसेल, हे तिनं कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आता पाठीवर हात ठेवला की मेणकापडावर ठेवल्यासारखं वाटायचं. तिनं कोणाला सांगितलं नाही. सवयीनं चोळत राहिली, जरा जास्त जोर लावून.

मार्चमध्ये मेलितोनाच्या बरगड्यांवर चार बोटांचे चार निळे वळ उठले. मेलितोना ब्लाउज वर करून दारातच उभी राहिली.

"हे बघ. म्हशीनं तुडवल्यासारखं केलंयस मला."

निकानं बघितलं. खरंच तिचीच बोटं होती ती. "कळलं नाही गं," ती म्हणाली. "हाताला काही लागत नाही हल्ली."

मेलितोनानं ब्लाउज खाली ओढला. मग हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"पत्रा लावल्यापासून, धर."

"मग? फ्लोरिपेसनं सांगितलं नव्हतं? दर लिहिलास आणि गुण गेला. जिभेनं काय नि पत्र्यानं काय, देवाला वाचता येत नाही असं वाटलं का तुला?"

निकानं त्याच दुपारी पत्रा काढून पलंगाखाली सारला. सान राफाएलापुढे मेणबत्ती लावली. तिला वाटलं होतं आठवडाभरात बोटं परत येतील. आली नाहीत. एप्रिलमध्ये कप हातातून सुटून फुटू लागले. मेमध्ये स्वतःची बटणं स्वतःला लावता येईनात, म्हणून ती बिनबटणाचे झगे घालू लागली. गावात बोललं जाऊ लागलं, आणि अठराचे दहा झाले. यात तिला सगळ्यात विचित्र वाटलं ते हे, की तिला भीती वाटत नव्हती. नवरा गेला, हात चालले, आणि ती आपली खुर्चीत बसून कारखान्याचा धूर बघत होती. सगळं कोणा तिऱ्हाईत बाईचं चालल्यासारखं.

जूनमध्ये हंगाम संपल्यावर सुलेमानं फोनवर धमकी दिली की आता मी नोकरी सोडून येते. तेव्हा निका सरकारी दवाखान्यात गेली. तिथे यंदा एक नवी डॉक्टरीण आली होती, अरिस्बेत नावाची, चोवीस पंचविशीची, चष्म्याची काडी टेपनं चिकटवलेली. तिनं निकाचे हात पालथे केले, उताणे केले, मनगटावर आतल्या बाजूनं दोन बोटांनी टकटक केलं.

"विजेसारखं काही गेलं का बोटांत?"

"गेलं."

"काम काय करता?"

"माणसं चोळते."

"दिवसाला किती?"

"हंगामात अठरा. वीस. कधी बावीस."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "बावीस? आजी, शहरात पाचाच्या वर कोणी करत नाही. एवढी माणसं का घेता?"

"थोडी घेऊन कसं भागेल? बशीत काही पडत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. फ्लोरिपेस, जीभ, बशी, पत्रा. पोरीला हसू येईल असं तिला वाटलं होतं, पण पोरगी हसली नाही. तिनं निकाचं मनगट धरलं आणि त्यावर बोट फिरवलं. "इथून एक शीर जाते, अरुंद जागेतून. वर्षानुवर्षं मनगटावर जोर दिला की ती जागा सुजते आणि शीर दबते. हे चार महिन्यांत होत नाही. निदान दहा वर्षांचं दुखणं आहे हे."

"म्हणजे पत्र्यानं नाही झालं."

"पत्रा तीस वर्षांपूर्वी लावला असतात तर हे झालंच नसतं, आजी. दिवसाला पाच माणसं घेतली असतीत, पोटभर जेवला असतात आणि आज सुईत दोरा ओवला असतात."

निका ऐकत होती. एवढं मोठं वाक्य, तेही तिच्याच आयुष्याबद्दल, पण ते तिच्याजवळून निघून गेलं. डॉक्टरीणबाई पुढे सांगत होत्या. शस्त्रक्रिया होते, शहराच्या मोठ्या हॉस्पिटलात, नाव घालून ठेवू, वर्ष जाईल. तोवर दिवसाला चार माणसं, कोपरानं आणि मनगटाच्या मागच्या भागानं, बोटांनी अजिबात नाही. पाचवं घेतलंत तर अंगठ्याचं मांस झडेल, आणि ते गेलं की शस्त्रक्रियेनंही परत येत नाही. मग चमचा धरायलासुद्धा कोणीतरी लागेल.

घरी चालत येताना निकानं तो हिशेब केला, कारण तो टळण्यासारखा नव्हता. चार माणसं, डोई सतरा, अडुसष्ट पेसो. त्यात ना वीज, ना गॅस, ना मलमाची चरबी. नाहीतर सुलेमाच्या एका खोलीत, तिच्या पलंगाच्या पायथ्याशी, समुद्राच्या वाऱ्यात म्हातारपण काढायचं. पत्र्यावर लिहिलं तर लिहिलं, पण माणूस विचारतो तोंडानं आणि त्याला उत्तर तोंडानंच द्यावं लागतं. दोन शब्द बोलता आले तर घर राहील आणि हात राहतील. नाही आले तर दोन्ही जातील. एवढं सरळ होतं. तिनं पलंगाखालून पत्रा काढला, ओल्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला. बशी रुमालासकट आतल्या खोलीत नेली, लेकरांच्या आणि गरोदर बायकांच्या बाकाजवळ ठेवली. सान राफाएलाला तिथंच राहू दिलं.

पुढच्या मंगळवारी रोसेंदो आला. रोसेंदो उसाचा ट्रक चालवतो, हंगाम नसला की अननस नेतो. कंबरेतून पायात जाणारी कळ त्याला सोळा वर्षांपासून आहे, आणि सोळा वर्षं तो एक मंगळवार सोडून एक मंगळवार येतो. भला माणूस, बडबड्या. अबुंदिओची पेटी उचलणाऱ्यांत पुढच्या बाजूला तोच होता.

"काय दोन्या निका, ऐकलं ते खरं का? हात गेले म्हणतात."

"हात आहेत. कोपर पण आहे. आडवे व्हा."

तिनं कोपर लावलं. कोपराला कळत होतं. कातडीखालचं मांस, मांसाखालची शीर, सगळं लांबून बोलल्यासारखं, पण कळत होतं. रोसेंदो आधी कण्हला, मग कण्हायचा थांबला, मग पोटावर पडल्या पडल्या अननसाच्या भावाबद्दल बोलत राहिला. एक तास तिनं घाई केली नाही. कित्येक वर्षांत ती पहिल्यांदा एका माणसापाशी एवढी थांबली होती, कारण दारात दुसरं कोणी नव्हतं.

रोसेंदो उठून बसला, पाय झाडून बघितला, शर्टाची बटणं लावली. "दहा वर्षांत कंबर एवढी मोकळी झाली नव्हती," तो म्हणाला. मग उठून नेहमीच्या कोपऱ्याकडे वळला. तिथं बशी नव्हती. "किती झाले?"

निका टॉवेलनं हात पुसत होती. तोंडात तेच वाक्य आलं होतं, तयार होऊन. तिनं ते गिळलं. ते पुन्हा वर आलं, पुन्हा गिळलं. रोसेंदो वाट बघत उभा होता.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली.

बस, एवढंच. छत कोसळलं नाही. रोसेंदोनं खिशात हात घातला, चौकोनी घडी केलेली दोनशेची नोट काढली आणि बाकावर ठेवली. त्याचा चेहराही बदलला नाही. निकानं वीस पेसो परत दिले. नाणी हातातून निसटतील म्हणून तिनं ती टेबलाच्या कडेवरून त्याच्याकडे सरकवली.

"बरं झालं बाई सांगितलंत," रोसेंदो नाणी उचलत म्हणाला. "पण आता माझी बिअर बुडाली."

"कसली बिअर?"

"अहो, बायको मला दर वेळी मोजून पैसे देते. पूर्वी शंभर द्यायची, आता दोनशे. 'दोन्या निकाला दे, नेटकं दे,' म्हणते. पण तुम्ही म्हणायच्या मनाला येईल ते. मग काय, चाळीस बशीत टाकायचे आणि बाकीचे घेऊन नाक्यावर बसायचं. मी एकटाच नाही, सगळेच. मंगळवारचं आमचं टोळकंच असायचं." तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "अबुंदिओची फार आठवण येते हो तिथं. सोळा वर्षं एक मंगळवार चुकवला नाही त्यानं. काय म्हणायचा माहिती आहे? ग्लास वर करायचा आणि म्हणायचा, 'माझ्या बायकोच्या हातची बिअर. हिच्याइतकी गार कुठे मिळायची नाही.'"

निकानं टॉवेलची घडी घातली. घडी वाकडी झाली म्हणून मोडली आणि पुन्हा घातली. "त्याला माहीत होतं तर," ती म्हणाली. "कोण किती ठेवून घेतं ते."

"माहीत नसायला काय? संध्याकाळी रुमाल तोच उचलायचा ना." रोसेंदोला आता कुठं कळलं की आपण काहीतरी बोलून बसलो. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "मनावर घेऊ नका. देवमाणूस होता." आणि ट्रककडे गेला, मागे न बघता, चांगल्या सरळ कमरेनं.

निका बाकावर बसली. समोर भिंतीवर अबुंदिओचा फोटो होता, कारखान्याच्या निळ्या शर्टातला, हसरा. पोटाला चिमटा काढून देतात म्हणे. पोरीला बूट नव्हते तेव्हा हा तिच्याकडे असा बघत बसला होता की लाज तिला वाटावी. आणि त्याच आठवड्यातल्या मंगळवारी नाक्यावर. तिच्या आत काहीतरी हललं. गरम होतं, वर चढत होतं, छातीशी आलं, कानांपर्यंत गेलं. आठ महिन्यांत तिला पहिल्यांदा काहीतरी होत होतं, आणि ते दुःख नव्हतं. तिनं फोटो खिळ्यावरून काढला, टेबलावर समोर उभा केला आणि बोलायला सुरुवात केली.

मेलितोना तमालेसची टोपली घेऊन दारात आली तेव्हा आतून आवाज येत होता. ती उंबऱ्यात थबकली. निकाचा चेहरा लाल झाला होता आणि ओला होता.

"कोमाद्रे? रडतेस का गं?"

"रडत नाहीये," निका म्हणाली. "भांडतेय. बाहेर बस जरा, मला वेळ लागेल."